डबा ऐसपैस

चिपळूणला आमच्या आळीत डबा ऐसपैस खेळताना ज्याच्यावर राज्य असेल त्याने भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर हात ठेवून शंभरपर्यंत मोजायचं, अशी पद्धत होती. बोटांच्या फटीतून बघायचे सगळेच. पकडला गेला की प्रत्येकाचा खुलासाही एकच असे : डोळ्यात कुसळ गेलं होतं. एका मे महिन्याच्या सुट्टीत आळीतल्या पोरांच्या डोळ्यांत जेवढी कुसळं गेली तेवढ्यात एखाद्या म्हशीची वैरण झाली असती. पण लबाडी उघडी पडली म्हणून कोणी खेळ सोडून घरी गेल्याचं मला आठवत नाही. चार शिव्या, दोन शपथा, आणि पुन्हा डबा.

आता मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे, ह्यूस्टनला राहतो, आणि पुन्हा एका डब्यापायी माझ्यावर राज्य आलंय. ते काही केल्या उतरत नाही.

मी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या बेसबॉल संघाचा चाहता आहे. हे वाक्य ह्यूस्टनच्या हद्दीत हवं तेवढ्या मोठ्याने म्हणता येतं. हद्दीबाहेर मात्र, स्थळ बघायला आलेल्या मंडळींना 'मुलाचं आधी एक लग्न मोडलंय' हे जसं चहाचे कप उचलताना हळूच सांगतात, तसं सांगावं लागतं. ऐकणारा थोडा वेळ गप्प बसतो. मग जवळपास टेबल असेल तर टेबलावर, नसेल तर भिंतीवर, बोटाने दोनदा ठोकतो. ठक ठक. आणि हसतो.

या संघाच्या नादी मी लागलो तो २०१३ साली, आणि तेव्हा त्यात फसवणूक शून्य होती. संघ अत्यंत प्रामाणिकपणे हरत होता. २०११मध्ये १०६ सामने हरला, २०१२मध्ये १०७, आणि २०१३मध्ये १११. प्रगतीत सातत्य होतं. ऑफिसात लोक तिकिटं फुकट देत आणि वर, घेतल्याबद्दल आभार मानत. आम्ही जायचो ते एसीसाठी. ह्यूस्टनच्या जुलैमध्ये छप्पर बंद करून थंडगार केलेल्या जागेत चार तास सहकुटुंब बसायला मिळतंय, समोर काय चाललंय याची चौकशी कोण करतो? त्या सप्टेंबरात एका सामन्याचं ह्यूस्टनमधलं टीव्ही रेटिंग शून्य पूर्णांक शून्य आलं. त्या दिवशी मी घरी बसून तो सामना बघत होतो. म्हणजे माझी गणती आकडेशास्त्रानेसुद्धा केली नाही. अशा वेळी जो चिकटून राहतो त्याचा नंतर काही हक्क लागतो, अशी माझी समजूत होती.

खरं तर मैदानाच्या नावावरूनच सावध व्हायला हवं होतं. २०००मध्ये ते उघडलं तेव्हा त्याचं नाव होतं 'एन्रॉन फील्ड'. होय, तीच एन्रॉन. गुहागरजवळ अंजनवेलला दाभोळ प्रकल्प घेऊन आलेली, जिच्यावरून माझ्या कॉलेजच्या दिवसांत कोकणातल्या प्रत्येक घरात दोन पक्ष पडले होते आणि जेवणाच्या ताटावर युनिटचे दर निघत होते. डिसेंबर २००१मध्ये ती दिवाळखोरीत गेली. अ‍ॅस्ट्रोजनी स्वतः एकवीस लाख डॉलर मोजून ते नाव भिंतीवरून परत घेतलं. नाव लावायला पैसे घेतात हे ठाऊक होतं. नाव काढायलाही मोजावे लागतात हे तिथे कळलं. चिपळूणच्या माणसाने साता समुद्रापार जावं आणि तिथेही करमणुकीला एन्रॉनच्याच छपराखाली बसावं, याला योगायोग म्हणत नाहीत. पत्रिका म्हणतात.

पत्रिकेवरून आठवलं. २०१४च्या जूनमध्ये, म्हणजे संघ अजून गाळातच असताना, 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने मुखपृष्ठावर छापलं की २०१७चे जगज्जेते हेच. आम्ही पोट धरून हसलो.

२०१७ची गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला आली आणि त्याच रात्री हार्वे चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा. पाचही दिवस पाऊस. वाशिष्ठीचा पूर बघत वाढल्यामुळे 'पाणी किती पायऱ्या चढलं' हे बघायची मला सवय आहे, पण इथल्या घरांना पायऱ्याच नसतात. विसर्जनाला गणपती पाण्यापर्यंत न्यावा लागला नाही. पाणीच गॅरेजच्या दारापर्यंत दर्शनाला आलं होतं. अ‍ॅस्ट्रोजनाही आपले घरचे सामने फ्लोरिडात जाऊन खेळावे लागले. परत आले ते छातीवर 'ह्यूस्टन स्ट्राँग'ची पट्टी लावून. घराघरातून ओले गालिचे नि फुगलेल्या भिंती उपसून रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते, आणि संध्याकाळी त्याच ढिगांपलीकडच्या घरांतून बेसबॉलचे आवाज येत. त्या दोन महिन्यांत हा संघ आमच्यासाठी काय होता, ते मी साडूला आजवर समजावू शकलेलो नाही.

साडूचा परिचय करून देतो. तो लॉस एंजेलिसला राहतो आणि डॉजर्स संघाचा चाहता आहे. साडू या नात्यात मुळातच एक तुलना असते. दोन बहिणींनी आपापली निवड एकमेकींसमोर ठेवलेली असते आणि निकाल कायम राखून ठेवलेला असतो. २०१७च्या वर्ल्ड सीरिजमध्ये समोरासमोर आले अ‍ॅस्ट्रोज आणि डॉजर्स. पाचवा सामना ह्यूस्टनला झाला, दहा डाव चालला, सव्वापाच तास. मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही १३-१२ने जिंकलो. बेसबॉलमध्ये एवढ्या धावा म्हणजे लग्नात वऱ्हाडापेक्षा आचारी जास्त. मी उशी तोंडात धरून ओरडलो, कारण मुलगी झोपली होती. ती झोपली नव्हती. तीही उशी तोंडात धरून ओरडत होती. १ नोव्हेंबरला सातवा सामना, लॉस एंजेलिसमध्ये, त्यांच्या घरात जाऊन जिंकला. १९६२ साली जन्मलेल्या संघाचं पहिलं विजेतेपद. मी साडूला फोन केला नाही. फक्त बायकोला म्हटलं, 'ताईला फोन कर, बरेच दिवसांत बोलला नाहीत तुम्ही.'

३ तारखेला मिरवणूक. शाळांना सुट्टी. आठ वर्षांच्या मुलीला तीन तास खांद्यावर घेऊन उभा राहिलो. तेव्हा मानेत जी शीर भरली ती अजून मोकळी झालेली नाही. विजेतेपद पुढे खोटं ठरलं. मान अजून दुखते.

१२ नोव्हेंबर २०१९ला बातमी फुटली. माइक फायर्स नावाचा आमचाच जुना पिचर बोलला. आता ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार वाक्यं सांगायला हवीत. पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो, बॅटरच्या मागे कॅचर उकिडवा बसतो. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर आपल्या दोन मांड्यांच्या आडोशाने बोटं दाखवून पिचरला सुचवतो. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू बॅटरपाशी पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात हा सरळ का वळणारा ते ओळखायचं असतं. ते आधीच कळलं, तर मग काय विचारता! (आपल्या चंद्रशेखरचा चेंडू कुठे वळणार ते म्हणे खुद्द त्यालाच कळत नसे. त्याच्या खुणा चोरणाऱ्याची फसगत झाली असती.)

गंमत अशी की या खेळात चोरीचं वावडं नाही. पिचरचं लक्ष नाहीसं बघून पुढच्या बेसवर पळण्याला 'बेस चोरणं' म्हणतात आणि जास्त चोऱ्या करणाऱ्याचं कौतुक होतं. दुसऱ्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूने कॅचरची बोटं आपल्या डोळ्यांनी वाचून बॅटरला इशारा केला तरी चालतं. चालत नाही ते यंत्र. शेजारी काय शिजतंय ते वासावरून ओळखलं तर शेजारधर्म, दुर्बीण लावली तर गुन्हा. दुर्बीणही लावून झालेली आहे. १९५१ साली न्यू यॉर्क जायंट्सनी मैदानाच्या पार टोकाला आपल्या क्लबहाउसात दुर्बीण लावून खुणा वाचल्या आणि त्याचा पुरता बभ्रा २००१मध्ये झाला. पन्नास वर्षं! आमच्यांना अडीच वर्षं पोटात ठेवता आलं नाही.

आमच्यांनी काय केलं? सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र डगआउटमागच्या बोळात टीव्ही लावून तिथे आणलं. त्यापुढे उभं राहून खेळाडू कॅचरची बोटं वाचत, आणि वळणारा चेंडू येणार असला की शेजारचा कचऱ्याचा डबा बॅटने बडवत. ढब्. डबा गप्प असला तर फास्टबॉल. चौकशी अहवाल सांगतो की टाळ्या, शिट्ट्या आणि ओरडणं हे पर्याय आधी करून पाहिले होते. म्हणजे तौलनिक अभ्यासाअंती डबा.

हे वाचताना मला दहावीचं केंद्र आठवलं. वर्गाबाहेर पाइपला लोंबकळणारा कुणाचा तरी मामा, खाली हवालदार, आणि ठरलेली खूण : खोकला एक म्हणजे 'अ', दोन म्हणजे 'ब'. पण आमच्या मामांनी हे सारं उपजत बुद्धीवर केलं. अ‍ॅस्ट्रोजच्या कार्यालयात मात्र २०१६मध्येच एका इंटर्नने पॉवरपॉइंट लावून 'कोडब्रेकर' नावाचं एक्सेलवर बेतलेलं साधन वरिष्ठांना दाखवलं होतं. मी वीस वर्षं एक्सेलवर पोट भरतो. वर अल्गोरिदम, मध्ये सादरीकरण, आणि शेवटच्या टोकाला एक माणूस डबा बडवतोय, हे चित्र मला अजिबात परकं वाटलं नाही. आमच्याकडचे बरेच प्रकल्प असेच पूर्ण होतात.

सप्टेंबर २०१७मध्ये शिकागोच्या एका पिचरला तो ढब् ऐकू आला. त्याने संशयाने बघितलं मात्र, आमच्या वाघांनी घाबरून टीव्ही भिंतीवरून उतरवला आणि एका ऑफिसात लपवला. सासरे अचानक आल्यावर जावई बाटली कपाटात सरकवतो, तसा. प्लेऑफला टेबलावर ठेवायचा दुसरा, सुटा टीव्ही आला. आणि मॅनेजर ए. जे. हिंच? त्याला हे पसंत नव्हतं, असं अहवाल म्हणतो. नापसंती दर्शवण्यासाठी त्याने दोन वेळा तो टीव्ही फोडला. दोन्ही वेळा तिथे नवा टीव्ही लागला.

घरी याचे पडसाद विचित्र उमटले. बायकोला बेसबॉलमध्ये रस नाही, पण तिला कुकरची शिट्टी बंद दाराआड दोन खोल्या ओलांडून ऐकू येते. ती म्हणाली, 'मी त्या वर्षी तुला विचारलं होतं, हे मध्येच काय वाजतंय म्हणून. तू म्हणालास, वातावरणनिर्मिती.' आठवलं. म्हणालो होतो. पुढे आमच्यातल्याच एका चाहत्याने २०१७चे घरचे ५८ सामने चेंडू न् चेंडू ऐकून हिशेब मांडला : ८,२७४ चेंडू, १,१४३ ठोके. तो स्वतः अ‍ॅस्ट्रोजवाला. आपल्याच घरच्या चोरीचा पंचनामा इतक्या निगुतीने करणाऱ्या माणसापुढे मी हात जोडतो. माझी त्या यादीत डोकवायची छाती झाली नाही. मुलीने डोकावलं. ती आता अकरा वर्षांची होती आणि तिला टक्केवारी नुकतीच शिकवली होती.

१३ जानेवारी २०२०ला निकाल लागला. पन्नास लाख डॉलर दंड. नव्या खेळाडूंच्या निवडीतले दोन वर्षांचे पहिले दोन हक्क रद्द. मॅनेजर हिंच आणि जनरल मॅनेजर जेफ लूनाउ वर्षभरासाठी निलंबित. मालक जिम क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांना काढूनही टाकलं. आणि खेळाडू? खरं बोललात तर शिक्षा नाही, असं त्यांना आधीच सांगितलेलं होतं. माफीचा साक्षीदार एक असतो हे मी जाणत होतो. इथे अख्खा संघ माफीचा साक्षीदार होता, आरोपीच शिल्लक नव्हता. ट्रॉफी राहिली. ती परत घेण्यावरून आयुक्त रॉब मॅनफ्रेड तिला 'धातूचा तुकडा' म्हणून बसले आणि त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. म्हणजे या प्रकरणात मनापासून माफी मागायची वेळ आली ती आयुक्तांवर. लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने विजेतेपद डॉजर्सना द्या असा ठरावच मंजूर केला. एकमताने. नगरपरिषदेत काहीही एकमताने मंजूर होऊ शकतं, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

क्रेनसाहेबांची फेब्रुवारीतली पत्रकार परिषद मी तीनदा पाहिली. ते म्हणाले, या प्रकाराचा खेळावर परिणाम झाला नाही असं आमचं मत आहे. मिनिटभराने कुणीतरी हेच उद्धृत केलं, तर म्हणाले, परिणाम झाला नाही असं मी म्हणालोच नाही. डोळ्यात कुसळ! मला एकदम आळीत गेल्यासारखं वाटलं.

पण हसायला मी कोण? त्या हिवाळ्यात माझा पुरता वकील झाला होता. सगळेच करतात, ही पहिली हरकत. बॉस्टनवाल्यांना २०१७मध्येच स्मार्ट घड्याळावरून दंड झाला होता, ते का नाही काढत? दुसरी हरकत अल्टुवेची. होजे अल्टुवे आमचा लाडका, उंची जेमतेम साडेपाच फूट, आणि ठोक्यांच्या यादीत त्याच्या वाट्याला फारच थोडे. पण २०१९मध्ये त्याने यांकीजविरुद्ध विजयी होमरन मारला तेव्हा पळत येताना शर्ट घट्ट आवळून 'फाडू नका' अशी खूण केली, आणि आत यंत्र बांधलं होतं अशी आवई उठली. चौकशीत तसा पुरावा मिळाला नाही. त्याचं म्हणणं, मी लाजाळू आहे, शिवाय मागे शर्ट काढला होता तो बायकोला आवडला नव्हता. अमेरिकेने यावर विश्वास ठेवला नाही. मी ताबडतोब ठेवला. तिसरा पुरावा म्हणजे माझं ब्रह्मास्त्र. तो मी साडूला फोनवर, कागद समोर ठेवून वाचून दाखवला : २०१७मध्ये आम्ही घरी ४८ सामने जिंकलो आणि बाहेर ५३. टीव्ही आणि डबा घरी, आणि जास्त विजय बाहेर!

साडू थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'म्हणजे साडूभाऊ, चोरीसुद्धा नीट जमली नाही म्हणा.'

पुढच्या दिवाळीला त्याच्याकडून फराळ आला. चिवडा छोट्या, पायाने दाबायच्या कचऱ्याच्या डब्यात भरलेला होता. नवा कोरा डबा, किमतीची चिठ्ठी तशीच. चिवडा उत्तम होता, हे सांगायलाच हवं.

समजूत काढणारेही भेटले. ऑफिसातला एक चेन्नईवाला म्हणाला, 'आमच्या सुपर किंग्जवर दोन वर्षं बंदी होती. २०१८ला परत आलो आणि त्याच वर्षी कप नेला. तुमच्यावर तर बंदीसुद्धा नाही, रडताय कशाला?' बाबांना फोन केला तर त्यांनी हॅन्सी क्रोनिए काढला. २००० साली क्रोनिएने पैसे घेतल्याचं कबूल केलं तेव्हा बाबांनी, आता जन्मात क्रिकेट बघणार नाही, अशी देवापुढे उभं राहून शपथ घेतली होती. मार्च २००१मध्ये लक्ष्मणने कोलकात्यात २८१ काढल्या. बाबांनी त्या शपथेचं काय केलं ते आम्ही विचारलं नाही. देवघरातून टीव्ही दिसतो, एवढंच सांगतो.

आणि मग २२ मार्च २०२०. रविवार, ह्यूस्टनला सकाळचे साडेसहा, चिपळूणला संध्याकाळचे पाच. आईने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कठड्यावर टेकवून उलथन्याने परात बडवायला सुरुवात केली. मागे सगळी आळी : ताटं, घंटा, शेजारच्या काकूंचा पत्र्याचा पिंप. डॉक्टर-नर्सच्या मानवंदनेचा तो प्रसंग. माझ्या मनात कृतज्ञता दाटून यायला हवी होती. पण तीन महिने मी जे ऐकत, वाचत, खुलासे देत होतो त्यामुळे आईने परातीवर पहिला ठोका दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'कर्व्हबॉल.'

'काय म्हणालास?' आई.

'काही नाही. जोरात वाजव.'

करोनाने अ‍ॅस्ट्रोजची लाज वाचवली, असं म्हणणं बरं दिसत नाही, पण त्या वर्षी सामने झाले साठ आणि प्रेक्षक होते पुठ्ठ्याचे. पुठ्ठा हुर्यो करत नाही. जुलैमध्ये डॉजर्सचा जो केली ह्यूस्टनला आला, आमच्या दोन खेळाडूंच्या अंगावर चेंडू टाकले आणि वर लहान पोरासारखा ओठ काढून वाकुल्या दाखवल्या. त्याला आठ सामन्यांची बंदी झाली, पुढे ती पाचावर आली. चोरी करणाऱ्यांना शून्य आणि चिडवणाऱ्याला पाच. आमच्या शाळेत हेच प्रमाण होतं.

खरी वसुली सुरू झाली २०२१मध्ये. अनाहाइमला प्रेक्षकांनी मैदानात फुगवायचा कचऱ्याचा डबा टाकला, पाठोपाठ खराही. ऑगस्टमध्ये आम्ही साडूकडे गेलो होतो, आणि अ‍ॅस्ट्रोज तिथे दोन सामने खेळायला येणार होते. साडूने तिकिटं काढून ठेवली होती. पाहुणचार करताना माणसाने थोडा हात आखडता घ्यावा. पन्नास हजारांवर माणसं, आणि प्रत्येकाने चार वर्षांचा राग डब्यात भरून आणलेला. मी पांढरा सदरा घातला होता. निष्ठा म्हणून आत केशरी मोजे. अल्टुवे बॅट घेऊन आला आणि जो आवाज उठला तो मी ऐकलेल्या कुठल्याही पुरापेक्षा मोठा होता. आजूबाजूला सगळे उभे. साडू उभा. बायकोची ताई उभी. बसून राहिलेला मी उठून दिसायला लागलो.

मीही उभा राहिलो. तोंडाशी हात धरला आणि हुर्यो केली. बारीक आवाजात. 'हू' आणि 'हं' यांच्या मधलं काहीतरी.

शेजारी मुलगी बसून होती, २७ नंबरचा, आता आखूड झालेला केशरी शर्ट घालून. अल्टुवेचा नंबर. तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे दुसऱ्या बाकावरची हुशार मुलगी बघते, तसं बघितलं, आणि परत मैदानाकडे वळली. मग मी खाली बसलो, आणि पुढचे तीन तास माझ्या पाठीवर कुणाचं तरी पॉपकॉर्न येत राहिलं. साडूने मात्र त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. परतताना गाडीत गाणी लावली. तेवढं त्याच्या खात्यात जमा आहे.

२०२२ला आम्ही पुन्हा जिंकलो. फिलाडेल्फियाला ४-२ असं हरवून, घरच्या मैदानावर. डस्टी बेकर मॅनेजर. वय ७३, तोंडात कायम टूथपिक. घरात भानगड झाल्यावर गावाहून आणून बसवलेल्या वडीलधाऱ्यासारखे. २०१७च्या संघातले पाचच जण उरले होते. आणि त्याच वर्षी लीगने कॅचरच्या बोटांचा प्रश्नच मिटवला : आता कॅचर अंगावरचं बटण दाबतो आणि पिचरच्या टोपीत आवाज येतो. बेसबॉलच्या आधुनिकीकरणात आमच्या डब्याचं हे योगदान कोणी मान्य करत नाही. रात्री साडूचा निरोप आला : 'मनापासून अभिनंदन. डबे मोजून घेतले ना?' हा विजय स्वच्छ होता, मी मनसोक्त ओरडलो, उशीबिशी काही न घेता. पण खोटं कशाला बोलू, रात्री झोपताना आठवला तो १३-१२चाच सामना. ओले गालिचे आणि तोंडात उशी. त्या रात्री किती ठोके पडले असतील कोण जाणे, पण ती रात्र मला परत करता येत नाही. कुठे करू? काउंटर कुठे आहे?

बाकी सगळे मार्गी लागले. हिंच वर्ष भरल्यावर लगेच डेट्रॉइटचा मॅनेजर झाला आणि २०२४च्या प्लेऑफमध्ये दोन सामन्यांत त्याने आम्हालाच घरी पाठवलं. मैदानाचं नाव २०२५पासून 'डायकिन पार्क' झालंय. एसीची कंपनी. मी २०१३मध्ये ज्यासाठी जात होतो, ते आता पाटीवरच लिहिलंय.

माझा २०१७चा विजेतेपदाचा टी-शर्ट टाकवत नव्हता आणि घालवत नव्हता. मागच्या खेपेला चिपळूणला नेला आणि बाबांना दिला. ते तो घालून रोज सकाळी फिरायला जातात. अख्ख्या चिपळुणात त्या शर्टाला कोणी हुर्यो करत नाही. कट्ट्यावर एकाने विचारलं, 'अ‍ॅस्ट्रोज म्हणजे मुलाची कंपनी का?' बाबा म्हणाले, 'हो.' मला राहवलं नाही. मी सगळी हकीकत सांगितली. कॅमेरा, टीव्ही, डबा, सगळं.

कट्ट्यावरचे बाकीचे 'असं होय' म्हणून वाशिष्ठीकडे बघायला लागले. एक निवृत्त हेडमास्तर मात्र चष्मा पुसून पुढे सरकले. त्यांनी पंधरा वर्षं दहावीचं केंद्र चालवलेलं.

'मग पर्यवेक्षक काय करत होता?'

'मॅनेजर? त्याला पटत नव्हतं, सर. त्याने टीव्ही फोडला. दोनदा.'

'टीव्ही फोडला. पोरांना काही बोलला नाही.'

'नाही.'

सरांनी मान हलवली. चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि परत माझ्याकडे वळले.

'फोडलेल्या टीव्हीच्या जागी दोन्ही वेळा नवा आला म्हणतोस. त्याचं व्हाउचर पास कोणी केलं?'